जोडलेल्या मांसाची राखण

यंत्रमागाच्या खडखडाटात रात्रपाळी जागून काढण्यासाठी गालात तंबाखूची चिमूट धरणारा आणि 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी ज्याची सवय सुटली नाही असा भिवंडीचा कामगार जेव्हा गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी परततो, तेव्हा संकट टळले असे मानून घरची मंडळी निर्धास्त होतात. आजचे माझे निवेदन त्या मंडळींसाठी आहे.

रोगग्रस्त गाल आणि जबडा काढल्यावर उरणारी पोकळी भरण्यासाठी छातीचे मांस धमनीसह वर वळवतात, किंवा पायातील नडगीलगतचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह सोडवून त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना शिवतात. ही विद्या आपल्याला परकी नव्हे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नाक बसवले गेले, त्याचा वृत्तान्त 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापला; त्या पद्धतीत कातडीची एक अरुंद पट्टी सुमारे 25 दिवस भुवयांमध्ये जोडलेलीच ठेवीत, कारण रक्ताचा पुरवठा तुटला की मांस जगत नाही.

तेच भय आजही आहे. शिवलेली शीर गुठळीने तुंबली तर जोडलेला भाग निळसर होऊन फुगतो; धमनी बंद पडली तर तो फिकट व थंड पडतो. असा प्रसंग बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ओढवतो, आणि काही तासांच्या मुदतीत शल्यचिकित्सकांनी जखम पुन्हा उघडली तर तो भाग पुष्कळदा वाचतो. म्हणूनच रुग्ण दाखल असताना परिचारिका रात्री वारंवार येऊन तो तपासते, तेव्हा झोपमोड झाली म्हणून तिच्याकडे तक्रार करू नये.

पुढे, विशेषतः ज्यांना पूर्वी किरणोपचार झाले आहेत त्यांच्यात, कधी कधी तोंडातील टाके सुटून लाळ मानेतून पाझरू लागते. मानेवरचा तो ओलावा घाम समजून पुसून टाकू नये, आणि अन्नासाठी नाकातून घातलेली नळी काढून तोंडाने अन्न देण्याची घाई तर मुळीच करू नये. झिरपणारी लाळ आणि जंतुसंसर्ग मानेतील मोठ्या धमनीची भिंत पोखरू शकतात. म्हणून मानेच्या जखमेतून थोडेसेही ताजे रक्त दिसल्यास, ते आपोआप थांबले तरी, परळच्या टाटा रुग्णालयातील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता, जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब धरून रुग्णाला तातडीने जवळच्या मोठ्या रुग्णालयात हलवावे.