विमानही वाजवून घ्यावे लागते

विमान म्हटले की धातूचा पत्रा डोळ्यांपुढे येतो. पण बेंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने घडविलेले ‘हंस’ पत्र्याचे नाही. १९९३ साली ते प्रथम उडाले. त्यात शिकाऊ वैमानिक आणि त्याचा गुरू शेजारी शेजारी बसतात.

मग ते कशाचे? गिलाव्याच्या मातीत आपण भुसा कालवतो, म्हणजे ती तडकत नाही. तशीच ही युक्ती. काचेच्या किंवा कार्बनच्या बारीक तंतूंचे कापड साच्यात थरावर थर अंथरायचे, आणि राळेने भिजवून घट्ट होऊ द्यायचे. अंग हलके नि गुळगुळीत होते, वारा कमी अडतो, गंजाची भीती नाही.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फार तापली की राळ मऊ पडू लागते. म्हणून अशी विमाने बहुधा पांढरी रंगवतात. दुसरी गोष्ट अधिक बिकट. पत्र्याला मार बसला तर पोचा दिसतो. इथे वरून काही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात. तेव्हा तपासनीस नाण्याने हलके ठोकून पाहतो. आवाज खणखणीत, तर ठीक. बद्द वाजले, तर पुढची तपासणी झाल्यावाचून उड्डाण नाही.

बाजारात आयाबहिणी मडके वाजवून घेतात ना, तेच हे शास्त्र! गुरुजी, वर्गात एक चांगले आणि एक तडकलेले मडके मुलांना वाजवून दाखवा. दोन जीव आभाळात जायचे, तर नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. कानही तयार हवा.