घामाचा हिशेब



आपल्या मुकुंदवाडीतून रोज कितीतरी माणसं डबा घेऊन चिकलठाण्याच्या एम.आय.डी.सी.त जातात. अकरा-अकरा तास राबतात, पण रजिस्टरवर आठच लागतात. सही एका आकड्यावर, हातात दुसराच. विचारलं तर ठेकेदार म्हणतो, "उद्यापासून येऊ नको." आणि आम्ही गप्प बसतो.

पण ही कोणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांचा झाला आणि जादा कामाला दुप्पट दर लागला. किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच त्या साली मांडलं. पुढे १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, किमान वेतनाहून कमी देणं ही कलम २३ प्रमाणे वेठबिगारीच.

आता हिशेब करू. समजा तासाला ६० रुपये पडतात आणि रोज ३ तास जादा काम आहे. २६ दिवसांचे ७८ तास झाले. सिंगल रेटने ४,६८० रुपये, कायद्याप्रमाणे ९,३६०. म्हणजे सिंगल रेट घेणाऱ्याचे महिन्याला ४,६८० रुपये बुडतात. एवढ्यात लेकराची फी निघते.

मग करायचं काय? जाण्या-येण्याची वेळ रोज वहीत लिहा. पगाराची पावती मागा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. पी.एफ.च्या पासबुकात पगार किती दाखवला ते पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मग कामगार उपआयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. पूर्वी पगाराच्या दाव्याला एकच वर्ष मिळायचं, आता तीन वर्षं मिळतात. बाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम होऊ शकतो. पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचं. ठेकेदाराने बुडवले तर कंपनी जबाबदार. अर्ज युनियनही करू शकते, म्हणून एकट्याने जाऊ नका. एकाला गेटवर अडवता येतं, पन्नास जणांना अडवणं अवघड जातं.

बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क कागदावरच राहिला, तर तो दोष आपलाही आहे. आज घरी जाऊन वही उघडा, एवढीच विनंती.

जयभीम!