मनीमाऊचं पुस्तक आणि आईचं वाचन
(बालवाडी-ताई आणि वस्तीतील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बायकांच्या शिबिरात मांजर कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. पण हा प्रश्न बाईच्या शिक्षणाचाच आहे.

१९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जावं, हा त्यांचा विचार. अंगणवाडी त्यातूनच आली. माझं म्हणणं, पुस्तकानंही तसंच घरात जावं.

मांजरच का? पेंग्विन आपल्या मुलांनी पाहिलेला नसतो; मांजर पत्र्यावर, मोरीपाशी रोज दिसतं. चित्र पाहताच मूल बोलू लागतं. मांजर डब्याच्या मागे, टोपलीच्या आत, फळीच्या वर. हे शब्द सहज येतात. ‘आता ते काय करील?’ असं विचारलं की पान उलटण्याआधी मूल अंदाज बांधतं. अक्षरओळखीआधीचं हे वाचनच आहे. पुढे मनी, माऊ, मांजर या शब्दांचा पहिला आवाज एकच आहे, हे कानाला कळू द्या. मगच ‘म’ दाखवा.

आमच्या वस्तीत धुणीभांडी करणारी एक आई म्हणाली, “ताई, मला कुठं वाचता येतंय?” मी तिला एकही शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं पुस्तक दिलं. तिनं मांजरानं बोंबील पळवल्याची गोष्ट रचली. दुसऱ्या दिवशी तिनं ती बदलली, तर पोरगी म्हणाली, “काल असं नव्हतं!” मग बालवाडीच्या ताईंनी आईची वाक्यं तिच्याच बोलीत चिठ्ठ्यांवर लिहून चित्रांखाली लावली. आपल्या आईचं बोलणं लिहिता येतं, हे त्या मुलीला कळलं. आईलाही कळलं. जिला सगळे अडाणी म्हणत, ती घरातली पहिली वाचणारी ठरली.

पुस्तकं निवडताना डोळे उघडे ठेवा. चित्रात दूध घालायला नेहमी आईच आणि पेपर वाचायला बाबाच का? हे मुलांनाच विचारा. धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभ्या असलेल्या ताईच्या हातातही पुस्तक द्या.

सेविकांचा दिवस रजिस्टरं भरण्यात जातो. म्हणून पोषण आहाराइतक्याच हक्कानं आपण पुस्तकं आणि गोष्टीसाठी वेळ मागूया. आणि आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक चित्रांचं पुस्तक घेऊन यावं, एवढं आज ठरवूया.