नडगी दुखते, बूट कोणता?

सातारा हिल मॅरेथॉनच्या तयारीला वारणानगरात पहाटे उसाच्या कडेनं पळणारी पोरं मला विचारतात, "सर, नडगी दुखतीया, कुठला बूट घेऊ?" मी आधी नडगी दाबून बघतो. हाडावर एकाच ठिकाणी कळ आली तर बुटाआधी डॉक्टर; बारीक चीर असू शकते, ती महागड्या बुटानं भरून येत नाही. नुसते पाय आंबले असतील तर काही दिवस अंतर कमी करावं.

बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. यवतेश्वरचा घाट उतरताना बोटं पुढं आदळतात, म्हणून पुढं बोटभर जागा हवीच. दुकानात पळून बघावं. दुकानदार हसला तर हसू दे. नवा जोड मात्र शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. दोन-तीन किलोमीटरनं सुरुवात करावी, तोवर जुनाही टाकू नये.