मेडचलला जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी



गणपतीसाठी गावी आलेली बरीच मुले आज समोर दिसत आहेत. विसर्जन झाले की ती हैदराबादची बस धरतील. कोणी जीडीमेटलाला, कोणी चेर्लापल्लीला, कोणी कुकटपल्लीला. हा भाग २०१६ साली झालेल्या मेडचल-मलकाजगिरी जिल्ह्यात येतो. आपला आदिलाबाद जिल्हा क्षेत्रफळाने त्याच्या जवळपास चौपट. पण २०११ च्या जनगणनेनुसार माणसे इकडे सुमारे ७ लाख, तिकडे सुमारे २४ लाख.

असे का झाले? १९६० च्या दशकात बालानगर भागात आयडीपीएल, एचएमटी असे सरकारी कारखाने आले. त्यांच्या आसपास लहान कारखाने वाढले. आयडीपीएल पुढे बंद पडली, पण तिथे काम शिकलेल्यांनी स्वतःचे औषध कारखाने काढले. डॉ. अंजी रेड्डी त्यांतलेच. आपल्याकडे कापूस पिकतो, पण जिनिंग हंगामापुरती चालते आणि गाठी बाहेर जातात. आदिलाबादचा सरकारी सिमेंट कारखाना तर कधीचाच बंद आहे. मग पोरे जाणारच.

मीही गेलो होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन दोन वर्षे तिकडच्या एका कारखान्यात काढली. एका खोलीत आम्ही सहा जण. त्यांतल्या एकाची प्रेसवर काम करताना दोन बोटे गेली. तो गुत्तेदाराचा माणूस, ईएसआयमध्ये त्याचे नावच नव्हते. आम्ही वर्गणी करून दवाखान्याचे बिल भरले. तो गावी परतला आणि आठवड्याभरात त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला. मला पुढे सरकारी नोकरी लागली. त्याला काय लागले, ते मी आजही कोणाला विचारू शकत नाही.

म्हणून मुलांनो, जाऊ नका असे मी म्हणणार नाही. पण पहिल्याच महिन्यात आपला ईएसआय नंबर मागा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर तो तुमचा हक्क आहे, गुत्तेदाराकडे असलात तरीही. त्यात तुमचा पाऊण टक्का जातो, मालकाचा सव्वातीन टक्के. वीस कामगार असतील तर पीएफही आहे. पगारातून कापलेले पैसे खरेच भरले का, हे मोबाईलवर स्वतः बघा. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

मंडळाला एक विनंती. आपण वर्गणीची वही ठेवतो, तशीच बाहेरगावी कामाला गेलेल्या मुलांचीही एक वही ठेवू. नाव, काम, फोन आणि ईएसआय नंबर. पुढच्या गणपतीत आरतीनंतर ती उघडू. ज्याच्या नावापुढे नंबर नसेल, त्याचा अर्ज लिहून द्यायला मी बसेन.

गणपती बाप्पा मोरया!