आमच्यावर लिहिलेलं, आम्हालाच फाटकाबाहेर
(गारखेडा इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसं लिहून काढलंय, शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मला विषय दिलाय ‘संशोधनाची मासिकं आणि आपण’. देणाऱ्याचं डोकं फिरलं असणार. मी दहावी पास. मुंबईला गोदीत ठेकेदाराच्या टोळीत आहे, पोलादाच्या कॉइलला साखळ्या आवळतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. या विषयावर बोलायला विद्यापीठातला माणूस पाहिजे होता. पण विद्यापीठातला माणूस त्या मासिकांत लिहितो, आणि मी त्या मासिकांत लिहिला जातो. तेव्हा माझाही हक्क पोचतो.

आधी हा धंदा समजून घ्या. संशोधक पेपर लिहितो आणि जर्नलकडे पाठवतो. संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणत्यांकडे तपासायला देतो. त्यांनी पास केला की छापतात. लिहिणाऱ्याला छदाम नाय, तपासणाऱ्याला छदाम नाय. उलट लेख सगळ्यांना फुकट वाचायला खुला ठेवायचा असेल तर कितीक जर्नलं लिहिणाऱ्याकडूनच हजारो डॉलर मागतात. बाकी लेखांना कुलूप. कुलपाची किल्ली विद्यापीठाच्या लायब्ररीनं विकत घ्यायची. एल्सव्हिअर नावाची कंपनी आहे, या धंद्यातली सगळ्यात मोठी. शंभर रुपयांच्या विक्रीत तिला तीसच्या वर नफा सुटतो. मी आमच्या मुकादमाला हे सांगितलं तर तो म्हणाला, मजूर फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेलं, असा ठेका कुठं मिळतो रे?

आता या सगळ्यात आपण कुठं? आपण मालात. गोणीच्या आत.

माझ्या मायचं सांगतो. माय परभणीकडची. सहा वर्षांखाली एक संशोधक बाई आल्या होत्या. विद्यापीठाचं नाव घेत नाय. बाई वाईट नव्हत्या. तीन दिवस घरात बसल्या, जेवल्या, मायच्या ओव्या मोबाईलवर भरून घेतल्या. मायनं त्यांना 1978 सालचं सांगितलं. नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, आणि तिच्या बापाचं घर जाळलं. माय तेव्हा पाच वर्षांची होती. ज्वारीची कणगी जळते तेव्हा कसा वास येतो, ते तिनं सांगितलं. मला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

पुढं पेपर आला, परदेशातल्या जर्नलात. मला मोबाईलवर मथळा सापडला. दाबलं तर एकोणचाळीस डॉलर मागायला लागला. माझ्या चार दिवसांच्या हजेरीपेक्षा जास्त! माय विचारती, काय लिवलंय त्यात माझं? मी काय सांगू? शेवटी एका सरकारी कॉलेजातल्या दोस्ताकडून तो मिळवला आणि डिक्शनरी घेऊन तीन रात्री वाचला. मायचं नाव कुठंच नव्हतं. ‘एक मध्यमवयीन दलित इन्फॉर्मंट’. इन्फॉर्मंट! पोलिसाचा खबरी असतो तसा. नाव लपवतात ते माणसाला त्रास होऊ नये म्हणून, हे मला माहीत आहे, आणि गावात अजून तीच घरं तीच माणसं आहेत, तेव्हा कधीकधी ते बरोबरही असतं. पण विचारलं होतं का? माय म्हणती, माझ्या बापाचं घर जाळलं त्यांची नावं झाका नायतर उघडी ठेवा, माझं कशाला झाकता?

आणि खरी गोम पुढंच आहे. मायनं बाबासाहेबांवर गायलेली ओवी पेपरात होती, इंग्रजीत. खाली लिहिलंय, ही लोकदैवताच्या भक्तीची परंपरा. मी मायला सांगितलं. ती चुलीपासून उठली नाय, नुसतं म्हणाली, देव नाय म्हणलं मी, बाप म्हणलं.

तपासणाऱ्या दोन-तीन जाणत्यांना हे कळलं नाय. कारण जाणत्यांत माय नव्हती.

कोणी म्हणेल, एका पेपरवरून एवढं तापायचं कशाला. तर थोडं मागं जाऊ. इंग्रजांच्या काळापासून आपल्यावर मासिकं आहेत. मुंबईत 1886 साली मानववंशशास्त्राची सोसायटी निघाली, तिचं जर्नल निघालं. रिस्ले नावाचा साहेब माणसांची नाकं मोजत होता आणि म्हणत होता, नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची. ज्यांची नाकं मोजली त्यांना आकडे दाखवले असतील असं मला वाटत नाय. 1871 च्या कायद्यानं भटक्यांच्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा गेला 1952 साली. मधल्या ऐंशी वर्षांत त्यांच्यावर जे विद्वानांनी लिहिलं ते अजून लायब्रऱ्यांत आहे, आणि अजून त्याचे दाखले दिले जातात.

आणि याच कारखान्यात आपला बाप घुसला. 9 मे 1916, कोलंबिया विद्यापीठ, गोल्डनवायझरांचा मानववंशशास्त्राचा वर्ग. पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या उगमावर पेपर वाचला. पुढच्या वर्षी, मे 1917 मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. हे 1872 साली जेम्स बर्जेसनं मुंबईत सुरू केलेलं जर्नल. शिलालेख, नाणी, पोथ्या यांच्यात हा लेख. ज्याला मोजायचं तोच मोजायला बसला. पुढं 1948 साली ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी नाकांची तीच मापं उचलली, घुर्ये प्रोफेसरांनी मांडलेली, आणि दाखवून दिलं की तुमचीच फूटपट्टी खरी धरली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. म्हणून मी जर्नलं जाळा असं म्हणणाऱ्यांतला नाय. आपल्यातले काही मित्र म्हणतात. त्यांनी आधी ‘अँटिक्वरी’तला लेख वाचावा, तो आता मराठीतही मिळतो.

पण बाबासाहेब तिथंच थांबले नाहीत. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’. 1927 ला ‘बहिष्कृत भारत’. जगाला पटवायला इंग्रजी जर्नल, आणि आपल्यात बोलायला आपलं पत्र. दोन्ही हात चालू. आपण आज एकच हात हलवतो. शिकलेला भाऊ इंग्रजी जर्नलाकडं तोंड करून बसलाय, न शिकलेला भाषणाला टाळ्या वाजवतोय, आणि मधली जागा ओस.

ती मधली जागा या शहरानं एकदा भरली होती. गारखेड्यात बसून हे सांगायला मुंबईहून माणूस यावा लागतो ही गंमतच आहे. नागसेनवनात, मिलिंदच्या आवारात, साठच्या दशकाच्या शेवटाला जे घुसळण झालं त्यातून ‘अस्मितादर्श’ उभं राहिलं. गंगाधर पानतावणे सरांनी ते पन्नास वर्षं ओढलं, 2018 मध्ये गेले तोवर. त्यात कविता होत्या तशी समीक्षा होती, वाद होते, पहिल्यांदा लिहिणारे होते. तपासणारे जाणते आपले होते. खेड्यातला मास्तर लेख पाठवायचा आणि त्याला उत्तर यायचं. आज त्या अंकांवर पीएच.डी. होतात. पण आज एखाद्यानं तसलं त्रैमासिक काढलं तर त्यात लिहिणाऱ्या प्राध्यापकाला पहिला प्रश्न काय पडेल? पॉइंट मिळतील का.

हे पॉइंट म्हंजे बढतीचे गुण. 2010 साली युजीसीनं पेपरांवर गुण ठेवले आणि पेपर छापायची दुकानं निघाली. पैसे भरा, आठवड्यात छापा. मग यादी आली, की यातलीच जर्नलं खरी. आणि मे 2018 मध्ये त्या यादीतून एका फटक्यात 4,305 नावं उडवली. त्यात भुरटी दुकानं होती, उडाली ते बरं झालं. पण त्यात बहुजनांचं ‘फॉरवर्ड प्रेस’ही उडालं. चोराबरोबर शेजारीही उचलला! पुढं 2019 ला ‘केअर’ नावाची नवी यादी, आणि 2025 ला तीही बंद, आता संस्थांनी आपापलं ठरवावं म्हणे. संस्थेत कोण बसलंय? तुम्हीच बघा.

सरकारनं एक काम केलं, तेही सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर झालं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास जर्नलं. सरकारी कॉलेजातल्या पोरांना कुलूप उघडलं. चांगलं झालं, माझा दोस्त त्यातूनच तर वाचत होता. पण हे ‘वन नेशन’ कॉलेजच्या फाटकाशी संपतं. गोदीच्या फाटकावर पास दाखवावा लागतो, इथं लॉगिन. 6,000 कोटी माझ्याही करातले. माझी माय ज्यात छापली तो कागद मात्र तिला नाय.

आता तुम्ही म्हणाल हे फक्त दलितांचं. आमच्या टोळीत धडगावकडचा एक पावरा पोरगा आहे. तो मला म्हणाला, तुमच्यावर निदान तुम्ही तरी लिहिता. आमच्याकडं इंदल बसला की आधी कॅमेरेवाले येतात. खरंय त्याचं. वाहरू सोनवणेंनी ‘गोधड’मध्ये भिलोरीत कविता लिहिली, 1987 ला, आणि आदिवासींच्या नावावर स्टेज कोण अडवतं ते आपल्यासारख्या चळवळवाल्यांच्या तोंडावर सांगितलं. डॉ. गोविंद गारे स्वतः महादेव कोळी. ते पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि ‘हाकारा’ त्रैमासिक चालवलं, मराठीत. आपल्यापैकी किती जणांनी त्याचा एक तरी अंक हातात धरलाय? हात वर करा. बघा.

बाहेरच्या जगात हे भांडण पुढं गेलंय. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी 1985 ला स्वतःचं जर्नल काढलं, त्याचं नावच लाकोटा भाषेत. माओरींची लिंडा तुहिवाई स्मिथ, तिनं 1999 साली पुस्तक लिहून संशोधन या शब्दाचीच झाडाझडती घेतली. आणि आफ्रिकेतले सान लोक, ज्यांना गोरे ‘बुशमन’ म्हणत. त्यांच्यातल्या चौघांच्या जनुकांवर 2010 ला ‘नेचर’मध्ये लेख आला, सानांच्या पुढाऱ्यांना न विचारता. त्यांनी आरडाओरडा करून सोडून दिलं नाय. 2017 ला स्वतःची आचारसंहिता लिहिली. आमच्यावर संशोधन करायचंय? आधी आमच्याकडं या, खरं बोला, आणि छापायच्या आधी आम्हाला दाखवा. अडाणी म्हणून ज्यांचे फोटो काढले त्यांनी विद्यापीठांना नियम घालून दिले!

आपल्याकडंही होतं असं. पुण्याच्या गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या लोकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखावर ओव्या, तीन हजारांवर बाया, हजारावर गावं. आता त्या ‘पारी’वर कोणालाही फुकट वाचता-ऐकता येतात, मराठीत. बाईचं नाव, तिचं गाव, सगळं ओवीशेजारी. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी 1996 ला बाबासाहेबांवर गायलेलं तिथं ऐकलंय मी, रात्रपाळीत, हेडफोन लावून. मायला ऐकवलं तर ती मधेच दुरुस्त करायला लागली, आमच्याकडं ही ओळ अशी नाय म्हणून. हाच तपासणारा जाणता. फुकट बसलाय प्रत्येक वस्तीत.

तर आता कामाचं. दोन गोष्टी ठरवायच्यात आज. एक, वस्तीत संशोधक आला तर त्याला हाकलायचं नाय, पण एका कागदावर सही घ्यायची. त्यात अटी साध्या आहेत. ज्याचं बोलणं घेतलं त्याला नाव हवंय का नको ते विचारायचं. पेपर पाठवायच्या आधी मराठीत वाचून दाखवायचा, इथं, समाजमंदिरात, आणि जे चुकलं म्हणतील ते दुरुस्त करायचं, नायतर मतभेद आहे असं खाली लिहायचं. छापून आला की एक प्रत वस्तीच्या वाचनालयात, कुलपाशिवाय. कायद्यानं याला किती जोर आहे ते वकील मित्र सांगतील. माझ्या मते, सही करायला जो कचरतो त्याची ओळख तिथंच पटते.

दुसरं, आपलं हे नियतकालिक वर्षातून एक अंक संशोधनाला देणार. तीन तपासणारे: एक शिकवणारा, एक कामगार, एक बाई जिनं ते सगळं बघितलंय. लेख मराठीत. पॉइंट नाहीत, आधीच सांगतो. कॉलेजातल्या भावांना ते परवडत नसेल तर त्यांनी इंग्रजीतही छापावा, माझी हरकत नाय, पण आधी इथं द्यावा. पहिल्या अंकासाठी माझ्या मायची दुरुस्ती मी लिहून आणलीय, दीड पान. तिच्या नावासकट.

अटींचा कागद मागच्या टेबलावर ठेवलाय. चहा नंतर घ्या, आधी तो वाचा, आणि जे खटकेल ते तिथंच पेनानं खोडा.