गेलेली वाचा आणि सोबतीचें वाचन

सोलापुरांतील एखाद्या घरीं एके सकाळीं आईचा उजवा हात लुळा पडतो आणि तोंडांतून शब्द फुटेनासा होतो. कांहीं दिवसांनीं ती इस्पितळांतून परत येते. जीव वांचल्याचा आनंद असतो; परंतु येणारेजाणारे तिच्या देखत म्हणूं लागतात, "त्यांना आतां कांहीं समजत नाहीं." आजाराइतकाच हा समज घातक असतो.

मेंदूकडे रक्त नेणारी नलिका चोंदली किंवा फुटली म्हणजे त्या भागाचें काम थांबतें. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्धांत चालतो व शरीराची उजवी बाजूही त्याच्याच ताब्यांत असते. म्हणून हात आणि वाचा पुष्कळदां एकदमच जातात. १८६१ मध्यें पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनीं अशा एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. सुमारें २१ वर्षें त्याला एक ‘तँ’ एवढाच उच्चार साधत असे. तरी दुसऱ्याचें बोलणें त्याला बरेंच कळे.

याहून जुनी नोंद स्वीडनमधील आहे. १७४५ मध्यें ओलोफ दालिन यांनीं वाचा गेलेल्या एका मनुष्याचें वर्णन केलें. पाठ असलेलीं भजनें तो स्पष्ट म्हणे; मात्र आरंभीं दुसऱ्या कोणीं तरी त्याच्याबरोबर म्हणावें लागे. सोबतीच्या वाचनाचें मर्म यांतच आहे. १९७३ मध्यें बोस्टनच्या तज्ज्ञांनीं सुरांच्या साहाय्यानें बोलणें शिकविण्याची जी पद्धति मांडली, तिचा पायाही हाच अनुभव होय.

मग वाचावें काय? सोलापुरांत हा प्रश्न सोपा नाहीं. येथें मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू शेजारीं शेजारीं नांदतात. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, त्यांचीं वचनें कानडींत आहेत. विणकामासाठीं येथें आलेल्या पद्मशाली कुटुंबांची घरची भाषा तेलुगु. समजा, अशा घरांतील मराठी शाळेंत शिकलेला मुलगा आईपुढें मराठी वर्तमानपत्र धरतो. ती गप्प राहते. तो निराश होतो. परंतु तिचें अंगाईगीत, तिचें रागावणें, देवापुढचें म्हणणें, सारें तेलुगूंत झालेलें असतें! १८९५ मध्यें फ्रेंच वैद्य पित्र यांनीं दाखविलें कीं, बहुभाषी रोग्यास सर्वांत सरावाची भाषा पुष्कळदां आधीं परत येते. हा नियम सर्वांस लागू पडत नाहीं. तरी आरंभ तेथूनच करावा. कोणाकडे हरिपाठ, कोणाकडे मनाचे श्लोक, कोणाकडे वचनें. वर्षानुवर्षें जिभेवर असलेलें तेंच हातीं घ्यावें.

अक्षर मोठें असावें. उजवीकडचें दिसणें कमी झालें असेल, तर पुस्तक किंचित डावीकडे धरावें. ओळीखालीं बोट फिरवीत दोघांनीं एका सुरांत, सावकाश वाचावें. कांहीं दिवसांनीं ओळीच्या शेवटीं आपला आवाज उतरवावा व थांबावें. शब्द आला तर उत्तम. न आला तर पुन्हां बरोबर म्हणावें. पाव तास पुरे, थकवूं नये.

परंतु पाठ केलेलें म्हणतां आलें, एवढ्यानें बोलणें परत आलें असें नव्हे. संपूर्ण श्लोक म्हणणाऱ्या आईस पाणी मागतां येत नाहीं, असेंही घडतें. म्हणून त्याच लयींत "पाणी दे", "पुरे झालें", नातवंडांचीं नांवें, अशीं रोजचीं वाक्यें घ्यावींत. या कामीं वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. असे तज्ज्ञ तयार करणारी म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून चालू आहे. पहिल्या कांहीं महिन्यांत सुधारणा अधिक वेगानें होते. परंतु पुढेंही ती होऊं शकते.

एक गोष्ट मात्र टाळावी. पेला दाखवून "हें काय? सांग पाहूं!" असें वारंवार विचारलें, म्हणजे ज्या आईनें मुलाला अक्षरें गिरवावयास लाविलें, तीच त्याच्यापुढें नापास होणारी विद्यार्थिनी ठरते. तिची परीक्षा घेऊं नये. शेजारीं बसावें, पुस्तक उघडावें आणि पहिला शब्द आपण म्हणावा.